पुढारी उपसर्ग

व्याकरणात जो शब्दाच्या पुढे उभा राहतो त्याला उपसर्ग म्हणतात. आमच्या नगर जिल्ह्यात जो लोकांच्या पुढे उभा राहतो त्याला पुढारी म्हणतात. काम मागच्यानं करायचं, दिशा पुढच्यानं द्यायची, हा दोघांमधला करार. नुसता ‘हार’ म्हटला की फुलांचा. त्याच्या पुढे ‘आ’ आला की पंगत बसते, ‘वि’ आला की सहल निघते, ‘प्र’ आला की डोकं फुटतं आणि ‘सं’ आला की कोणी उरत नाही. हार बिचारा तोच. सत्कार होणार की संहार, हे पुढे कोण उभा आहे त्यावर ठरतं. शिवाय उपसर्ग या शब्दाचा दुसरा अर्थ मराठीत त्रास, उपद्रव असा आहे. ज्यानं कोणी हे नाव ठेवलं त्याला सार्वजनिक जीवनाचा दांडगा अनुभव असला पाहिजे.

या उपसर्गांवरून आपल्याकडे फार जुनं भांडण आहे. यास्कानं निरुक्तात ते नोंदवून ठेवलंय. शाकटायनाचं म्हणणं असं की, उपसर्ग सुटा काढला तर त्याला अर्थ नसतो. नामाला किंवा क्रियापदाला चिकटला तरच त्याची किंमत. गार्ग्याचं म्हणणं असं की, अर्थ असतो, आणि एक नाही, बरेच असतात. पंडितांनी यावर दोन-अडीच हजार वर्षं घालवली. निकाल मात्र लागला नगर जिल्ह्यात, आणि तोही ग्रीक उपसर्गांवर. चौदा तालुके, सतरा हजार चौरस किलोमीटर, क्षेत्रफळानं राज्यात पहिला नंबर. एवढ्या मोठ्या मुलखात ग्रीक उपसर्ग मागचा शब्द वाटेतच सोडून एकटे हिंडताहेत, आणि लोकांना त्यांचा अर्थ अचूक कळतोय. गार्ग्य जिंकला. शाकटायनाचं डिपॉझिट जप्त.

पटत नसेल तर मृगाच्या आसपास कुठल्याही तालुक्याच्या बाजारपेठेत जा आणि कृषी सेवा केंद्राच्या काउंटरपाशी घटकाभर उभे राहा. सुरुवात पाटीपासूनच होते. आधी कुलदैवताचं, वडिलांचं किंवा नुकत्याच झालेल्या नातवाचं नाव, आणि त्यापुढे ‘ॲग्रो’. ॲग्रो म्हणजे ग्रीक ‘आग्रोस’, शेत. आपल्या ऋग्वेदात शेताला ‘अज्र’ म्हटलंय, तोच हा शब्द. म्हणजे शेतकरी शेतातून उठून येतो, तो पुन्हा ‘शेत’ अशी पाटी असलेल्या ठिकाणीच. फरक एवढाच की या शेतात पीक हमखास येतं.

“शेठ, दोन अठरा-सेहेचाळीस द्या, एक सुपर द्या. औंदा बायो काय आलंय का?”

“आलंय की तात्या. पण त्याला उधारी नाय.”

“मग ऱ्हाऊ द्या. मोनो द्या.”

“भाजीवर मारायचं नाय बरं ते. बंदी आहे.”

“भाजी हाये कुठं? पाऊस तर पडू द्या.”

एवढ्याशा बोलण्यात अख्खं ग्रीस येऊन गेलं. अठरा-सेहेचाळीस म्हणजे डीएपी, डाय-अमोनियम फॉस्फेट; त्यातलं ‘डाय’ म्हणजे ग्रीक ‘दि’, आपला द्वि. गोणीवर नत्र अठरा टक्के आणि स्फुरद सेहेचाळीस टक्के असं छापलेलं असतं. शेतकऱ्यानं ग्रीक, लॅटिन, इंग्रजी सगळं बाजूला सारून थेट आकडेच उचलले. सुपर म्हणजे सुपर फॉस्फेट. ‘सुपर’ हा लॅटिन, ‘हायपर’ हा त्याचा ग्रीक भाऊ आणि संस्कृतातला ‘उपरि’ तिसरा. ‘बायो’ म्हणजे जैविक. कोकणातल्या माणसाला वाटेल की तात्या लेकीला हाक मारताहेत, पण ग्रीक ‘बिओस’ आणि आपला ‘जीव’ ही एकाच मुळाची दोन रूपं आहेत. बायोला जैविक म्हणा नाहीतर जैविकला बायो, भाषाशास्त्राला फरक पडत नाही; उधारीला पडतो. आणि ‘मोनो’ म्हणजे मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक. भाजीपाल्यावर ते वापरायला २००५ सालीच बंदी आली. ‘मोनो’चा ग्रीक अर्थ एकटा. औषध एवढं जहाल की फवारल्यावर शिवारात खरंच कोणी सोबतीला उरू नये.

पण सुट्या उपसर्गांचा जिल्हाध्यक्ष म्हणायचा तो ‘ऑटो’च. नागपूरच्या माणसाला ऑटो म्हणजे तीन चाकांची रिक्षा. आमच्याकडे रिक्षाला रिक्षाच म्हणतात; ऑटो असतो विहिरीवर. मोटारीच्या स्टार्टरशेजारी बसवलेली ती एक पेटी. वीज आली की ती मोटार आपोआप चालू करते. ग्रीकमध्ये ‘आउतोस’ म्हणजे स्वतः. शेतीची थ्री-फेज लाइट कधी दिवसा येते, कधी रात्री, आल्यावर मध्येच जाते आणि गेल्यावर कधी येईल ते कोणाच्या बापाला सांगता येत नाही. रात्री दोनला बॅटरी घेऊन उसाच्या कडेनं विहिरीवर जायचं तर त्याच उसात बिबट्यानं बिऱ्हाड केलेलं. मोटार चालू करायला गेलेला माणूस परत यायचा की नाही, हे बिबट्याच्या मूडवर. म्हणून मग ऑटो. माणूस घरात घोरतोय, बिबट्या उसात घोरतोय आणि मोटार स्वतः उठून कामाला लागतीय.

इथवर सगळं सुखाचं. अडचण अशी की शेजाऱ्यानंही ऑटो बसवलेला असतो. त्याच्या शेजाऱ्यानंही. त्रेसष्ट केव्हीएची एक डीपी. सरकारी भाषेत तिला रोहित्र म्हणतात, पण ‘रोहित्र जळालं’ म्हणून आजवर कोणी बोंब मारलेली नाही. तर त्या डीपीवर पंधरा-वीस मोटारी. प्रत्येक मोटार सुरू होण्याच्या क्षणी एरवीच्या पाच-सहापट करंट ओढते. रात्री दोन वाजून दहा मिनिटांनी लाइट येते. पंधरा-वीस ‘स्वतः’ एकाच सेकंदाला जागे होतात. डीपीतून एक मोठा आवाज निघतो, एक निळी लखलख होते आणि पुढचा पंधरवडा पीक आभाळाकडे बघत बसतं. सकाळी डीपीखाली सभा भरते. त्या सभेत दोन ठराव नेहमी एकमतानं होतात: एक, वर्गणी काढायची, दोन, दुसऱ्यानं ऑटो काढायचा.

वीज कंपनी वर्षानुवर्षं कळवळून सांगते, ऑटो काढा आणि कॅपॅसिटर बसवा. ‘ऑटो’ ग्रीक आणि ‘कॅपॅसिटर’ लॅटिन. म्हणजे सल्ला असा की, ग्रीक काढा आणि लॅटिन बसवा. युरोपात हे काम रोमन सैन्याला करावं लागलं होतं. आमच्याकडे ते लाइनमनवर सोपवलंय. आणि आपापलं बघणारे पंधरा-वीस जण एकदम पेटले की अख्खं शिवार अंधारात जातं, हे आमच्या जिल्ह्याला विहिरीवरच कळलं असं नाही. निवडणुकीच्या तिकीटवाटपात ते दर पाच वर्षांनी दिसतं.

आता कोणी म्हणेल, एवढ्या लांबचे हे उपसर्ग, नगरसारख्या दुष्काळी मुलखात कसे रुळले? तर ते पाहुणे नव्हेत, भावकी आहे. विल्यम जोन्सनं १७८६ साली कोलकात्यात जाहीर केलं की संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच घरातून निघालेल्या असाव्यात. तेव्हापासून पंडित दोन्हीकडची नावं जुळवताहेत. ग्रीकांचा ‘पेरि’ म्हणजे आपला परि. ‘अपो’ म्हणजे अप. ‘प्रो’ म्हणजे प्र. ‘हुपो’ म्हणजे उप. नकाराचा ‘अ’ दोन्हीकडे ‘अ’च, नाही म्हणायच्या बाबतीत माणसं कुठंही गेली तरी बदलत नाहीत. ‘मेगा’ म्हणजे महा. ‘पॉली’ म्हणजे पुरु, म्हणजे पुष्कळ. ‘हेप्ता’ म्हणजे सप्त, कारण ग्रीकांनी शब्दारंभीच्या ‘स’चा ‘ह’ करून टाकला. काठेवाडात ‘सात’चा ‘हात’ होतो, तो प्रकार.

आणि या भावकीचं येणं-जाणंही होतं. शेवगाव तालुक्यातून गोदावरी ओलांडली की पैठण. इजिप्तकडच्या कोणा ग्रीक बोलणाऱ्या व्यापाऱ्यानं इसवी सनाच्या पहिल्या शतकात समुद्रप्रवासाचं एक पुस्तक लिहून ठेवलंय, त्यात पैठणची नोंद आहे. भडोचहून पैठणला यायला वीस दिवस लागतात, तिथून पुढे दहा दिवसांवर तगर, म्हणजे तेर, असा हिशेब त्यानं दिलाय. रस्त्यात खड्डे किती, ते लिहिलेलं नाही. तेवढी नोंद असती तर अंतर दिवसांत मोजायची पद्धत आजही का टिकून आहे ते कळलं असतं. त्या पुस्तकाचं नाव ‘पेरिप्लस’. पेरि म्हणजे परि, आणि प्लस हा आपल्या ‘प्लव’चा भाऊ: तरंगत फिरणं. अक्षराला अक्षर लावलं तर परिप्लव. पुस्तकाचं नावच मुळी अर्ध्या वाटेवर मराठीकडे तोंड करून उभं आहे.

अलीकडच्या काठावरही पुरावा आहे. १९५४ ते ५६ या काळात हसमुख सांकळियांनी नेवाशाला प्रवरेकाठी उत्खनन केलं. ज्ञानेश्वरी जिथं सांगितली गेली त्याच गावच्या मातीतून भूमध्य समुद्राकडच्या अम्फोरांचे तुकडे वर आले. अम्फोरा म्हणजे दोन कानांचा उंच रांजण. त्यातून दारू नाहीतर तेल यायचं. मूळ शब्द ‘अम्फिफोरेउस’, दोन्ही बाजूंनी धरून न्यायचा तो. ‘अम्फि’ म्हणजे आपला अभि, आणि ‘फोर’ म्हणजे आपल्या भार, भरणे यांच्या घरातला. तो लांबलचक शब्द ग्रीकांनाच जड झाला, आणि त्यांनी मधला ‘फि’ खाऊन टाकला. शब्द मोडून खायची ही सवय आम्ही त्या रांजणांबरोबरच उतरवून घेतली असावी. रांजण रिकामे करताना जिभा जड होतातच.

ती सवय आज सगळ्यात जोरात दिसते ती डॉक्टर मंडळींच्या बाबतीत. नगरच्या सावेडीतल्या एखाद्या मंगल कार्यालयात साखरपुड्याच्या पंगतीत कान उघडे ठेवून बसा.

“आमचे जावई ऑर्थो आहेत.”

ऑर्थो म्हणजे ग्रीकमध्ये सरळ; आपल्या ‘ऊर्ध्व’चा सख्खा. ‘ऑर्थोपेडिक’ हा शब्द निकोला आंद्री या फ्रेंच डॉक्टरनं १७४१ साली मुलांची वाकडी हाडं सरळ करण्याच्या विद्येसाठी बनवला: सरळ आणि मूल. आम्ही मूल सोडून दिलं, सरळ तेवढं ठेवलं. त्यामुळे सासूबाई नकळत सांगून जातात की, आमचे जावई सरळ आहेत. समोरची बाई लगेच सरसावते.

“आमची सून गायनॅक आहे.”

‘गुनाइक’ म्हणजे ग्रीकमध्ये बाई. आमची सून बाई आहे, ही बातमी ती पंगतीला अभिमानानं देते आणि पंगतही ‘अरे वा’ म्हणते. तिसरी सांगते, “आमचा मुलगा पेडिया आहे.” म्हणजे आमचं मूल मूल आहे. चौथीचा थोरला न्यूरो, धाकटा कार्डिओ. एक शीर झाला, एक हृदय झाला. पाचवीच्या घरात कोणी डॉक्टर नसतं, पण म्हणून ती मागे राहत नाही. ती सांगते, “मला हायपो आहे.” तिची जाऊ म्हणते, “मला हायपर.” थायरॉइडचा उल्लेखही होत नाही. ग्रीकमध्ये एक म्हणजे खाली आणि दुसरा म्हणजे वर. पंगतीत मात्र दोघींना मान सारखाच, आणि जिलेबीही दोघींना सारखीच.

रस्त्यावर आलं की उपसर्ग वाचायला मिळतात ते फ्लेक्सवर. ‘फोटो’ म्हणजे ग्रीकमध्ये प्रकाश. आपल्या ‘प्रभा’तला ‘भा’ तोच. पुढचा ‘ग्राफ’ म्हणजे लेखन. लेखन गळालं, प्रकाशझोत राहिला. सार्वजनिक जीवनात याहून वेगळं काय होणार? चौकातला वाढदिवसाचा फ्लेक्स नीट न्याहाळावा. मधोमध साहेब, कमरेपासून वर, दहा फूट उंच, हात जोडलेले, मागे सूर्य किंवा वाघ, आणि गळ्यातल्या साखळीची कडी न् कडी मोजता येईल असा नितळ. हा मेगा. त्याच्या दोन्ही बाजूंना दादा, अण्णा, भाऊ: कमरेऐवजी छातीपासून वर, गॉगलसह. आणि तळाला ‘शुभेच्छुक’ शब्दाखाली तिकिटाएवढे तीस-चाळीस चेहरे, एकाचा कान दुसऱ्याच्या गालात घुसलेला, शेवटच्या ओळीतल्यांच्या हनुवट्या खिळ्याच्या पट्टीखाली गेलेल्या. हे मायक्रो. खर्चाचा हिशेब मात्र उलट्या क्रमानं. मेगाला दमडी पडत नाही. वर्गणी मायक्रोंनी काढलेली असते. बरं, नुसत्या ‘मेगा’नंही आमचं समाधान होत नाही. ‘भव्य महामेगा सेल’ असा फलक कापड बाजारात लागतो. मोठा, मोठा, मोठा सेल. तीनदा सांगितल्याशिवाय गिऱ्हाइकाला वाटत नाही की काहीतरी स्वस्त आहे.

यावर एक जुना दाखला आठवतो. आमच्या अकोले, संगमनेर, पारनेरच्या हद्दीला लागून जुन्नर. तिथल्या लेण्यांत यवनांनी, म्हणजे ग्रीकांकडून आलेल्या लोकांनी, दिलेल्या दानांचे लेख आहेत. इरिल नावाच्या एका यवनानं पाण्याच्या दोन पोढ्या, म्हणजे टाकी, खोदून दिल्या. त्याबद्दल कोरून घेतली एक ओळ: नाव आणि ‘दोन पोढ्या’. सह्याद्रीतल्या सौजन्याच्या पाटीचा हा फार जुना नमुना. दोन टाक्यांना एक ओळ, असा तेव्हाचा दर होता. आता चाळीस फुटी पाटी असते आणि टाकी मंजुरीसाठी पाठवलेली असते.

पाण्याचा विषय निघालाच आहे तर ‘झेरॉक्स’चंही बोलून घेऊ. ग्रीकमध्ये ‘क्सेरोस’ म्हणजे कोरडा. चेस्टर कार्लसननं १९३८ साली अमेरिकेत शाई न ओतता, कोरड्या भुकटीनं कागदाची नक्कल काढून दाखवली. त्या विद्येला ‘झेरोग्राफी’, कोरडं लेखन, असं नाव पडलं, आणि १९५९ साली त्या नावाचं यंत्र बाजारात आलं. इथंही लेखन गळालं, कोरडेपणा राहिला. आणि तो राहायला आमच्या जिल्ह्यासारखी दुसरी जागा कुठली? कर्जत, जामखेड, पाथर्डी, पारनेर हे पर्जन्यछायेतले तालुके. एकीकडे ‘दुष्काळ’. त्यातला ‘दुस्’ हा ग्रीक ‘डिस्’चा भाऊ, म्हणजे आपला दुष्काळ आणि त्यांची डिसेंट्री हे नात्यानं चुलते-पुतणे, आणि एक मुक्कामाला आला की दुसरा मागोमाग येतोच. दुसरीकडे दुष्काळाच्या अनुदानाचा अर्ज. त्याला सातबारा जोडा, आठ-अ जोडा, आधार जोडा, पासबुकाचं पहिलं पान जोडा, सगळ्यांच्या दोन-दोन झेरॉक्स. तहसील कचेरीच्या दारात पाऊस नसतानाही बारमाही पिकतं ते झेरॉक्सचं दुकान. कोरडं रान, कोरडी नक्कल, आणि साहेबांनी दिलेलं आश्वासनही त्याच जातीचं. यंत्राला एवढं समर्पक नाव अमेरिकेत बसून कसं सुचलं असेल, याचं आश्चर्य वाटतं.

सरकारनं या उपसर्गांना मराठी वेष चढवायचा प्रयत्न केला नाही असं नाही. १९६० साली भाषा संचालनालय स्थापन झालं, कोश निघाले, रोहित्र आलं, सूक्ष्म सिंचन आलं. सूक्ष्म सिंचन अनुदानाच्या अर्जावर असतं, रानात त्याला ड्रीप म्हणतात. पॉलिहाऊसला हरितगृह म्हणतात ते बँकेच्या कर्जाच्या कागदावर. वादळात उडतं तेव्हा ते पॉलिहाऊसच असतं, हप्ता भरायच्या वेळी पुन्हा हरितगृह होतं. भरल्या उसाची डबल ट्रॉली रस्त्यात पलटी झाली की पाण्याच्या ग्रीक नावावरून नाव पडलेली ‘हायड्रा’ बोलवायची असते. ‘जलचालित उत्तोलक पाठवा’ असा फोन कोणी केला तर तो ऊस पुढच्या गळीत हंगामापर्यंत तिथंच राहील. माणसाला अडल्या वेळी जिभेवर येईल तेवढाच शब्द लागतो. तो पुढचा आहे की मागचा, ग्रीक आहे की घरचा, हे बघायला ट्रॉली पलटी झालेला माणूस थांबत नाही.

एका ठिकाणी मात्र आमच्या जिल्ह्यानं उलटा न्याय केलाय. सगळीकडे पुढचं ठेवायचं आणि मागचं सोडायचं. खुद्द शहराच्या नावात पुढचं सोडून मागचं ठेवलंय. अहमद निजामशहानं पंधराव्या शतकाच्या अखेरीस शहर वसवलं, आणि पुढची पाचशेहून जास्त वर्षं कागदावर अहमदनगर चाललं. जामखेड तालुक्यातल्या चौंडीत जन्मलेल्या अहिल्यादेवींच्या नावानं २०२४ साली ते अहिल्यानगर झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले, लेटरहेड बदलली, त्यासाठी पुन्हा झेरॉक्स निघाल्या. पण माळीवाड्याच्या स्टँडवर उतरणारा माणूस काल नगरला उतरत होता, आजही नगरलाच उतरतो. महाराष्ट्रात नगरं काय कमी आहेत? प्रत्येक प्लॉटिंगवाल्याचं एक स्वतंत्र नगर आहे. तरीही ‘नगरला चाललोय’ म्हटल्यावर ‘कोणत्या?’ असं आजवर कोणी विचारलेलं नाही.

परवा कोपरगावच्या स्टँडवर एक आजोबा पाटी वाचत उभे होते. चष्मा पुसून त्यांनी ती पुन्हा वाचली आणि दारातल्या कंडक्टरला विचारलं, “का हो, ही अहिल्यानगरची का?”

“पाटी तशीच आहे आजोबा,” कंडक्टर म्हणाला, “पण गाडी नगरला जाती. बसा.”